मासेमारी : आढळली नाही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पनवेलच्या आमच्या ऑफिसात जुने रिपोर्ट साठतात तसे तेही साठतात, कारण दोन्ही कोणी टाकून देत नाही. आम्ही पर्यावरणाचे अहवाल करतो. कुठे रस्ता होणार असेल, तळोजाला कारखाना येणार असेल, तर त्याने झाडांचं, पाण्याचं, माणसांचं काय होईल ते आधी लिहून द्यायचं. आम्ही मोजून चौघं. सर, समुद्री जीवांचं शिकलेली अनघा, फील्डवर जाणारे सावंत आणि सगळ्यांचं लिहिलेलं टाइप करणारी मी.

दोन वर्षांपूर्वी उरणच्या बाजूचं एक काम आलं. किनाऱ्याजवळ पाण्यात यंत्र बसवून लाटांपासून वीज करायची होती. हे सगळे किस्से त्या एकाच कामातले. हसू आलं तर हसा, मीही हसले होते.

*

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "नवीन कशाला लिहायचं? साचा आहे की."

साचा म्हणजे घाटातल्या रस्त्याचा जुना रिपोर्ट. 'रस्ता' शोधून तिथे 'समुद्र' टाकला, झाला मसुदा तयार. तो तसाच कंपनीकडे गेला. पान बाविसावर वाक्य होतं : 'बिबटे आडवे येऊ नयेत म्हणून समुद्राच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालावे.'

चार दिवसांनी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. आता कामच जाणार, असं वाटलं.

"मॅडम, पान बावीस," तो म्हणाला. "कुंपण किती फुटांचं धरायचं?"

*

मच्छीमारीचा सर्व्हे जूनमध्ये निघाला, कारण सावंत जूनमध्ये रिकामे होते.

तीन दिवस ते छत्री घेऊन धक्क्यावर बसले. होड्या सगळ्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर निळं प्लास्टिक. फॉर्मवर त्यांनी लिहून आणलं, 'मासेमारी : आढळली नाही.'

"अहो सावंत, पावसाळ्यात बंदी असते ना?" मी म्हटलं.

"म्हणूनच आढळली नाही. खोटं काय लिहिलंय?"

धक्क्यावर जाळं विणत बसलेले धर्मा नाखवा समोरच्या पाण्याकडे बोट करून त्यांना म्हणाले होते, "आमची डोल थयच असते, आज्याच्या टायमापासून." डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंट्यांना बांधलेलं पिशवीसारखं मोठं जाळं. ओढीच्या पाण्याबरोबर मासळी आपोआप आत येते. नाखवांची जागा आणि यंत्राची जागा एकच होती. यंत्र बसलं की खुंटे निघणार, आणि दुसरी जागा मागायची तर बाकीच्या जागा दुसऱ्यांच्या.

"मग हे लिहिलं का नाही?" मी विचारलं.

"फॉर्ममध्ये रकाना नव्हता."

मी कामोठ्यात वाढले. बंदीच्या दिवसांत आई बाजारातून मासळीच्या भावावर काय चरफडत येते, ते लहानपणापासून ऐकलंय. तरी मी मुकाट्याने टाइप केलं : आढळली नाही.

*

बंदीत मासळीचे नमुने तरी कुठून आणणार? पण रिपोर्टला यादी हवीच. सावंत दोन तासांत बर्फाची पेटी भरून घेऊन आले. सर खूश झाले.

अनघाने पेटी उघडली. वर आडवा पडलेला होता रोहू. तळ्यातला, गोड्या पाण्यातला रोहू.

"सावंत, हा कुठे मिळाला?"

"पनवेलच्या मार्केटात. एकदम ताजा आहे म्हणाली मासेवाली."

अनघाने रोहू यादीतून काढला. सरांनी तो परत घातला. 'जैवविविधता समृद्ध' असं त्यापुढे लिहायचं होतं म्हणे.

*

जानेवारीत डॉल्फिनचे आवाज टिपायला पाण्याखालचा माइक सोडला. हातभर लांब, पिवळी नळी. दोरीने सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून ती बरोबर यंत्राच्या जागेवर ठेवली. शेजारी पाण्यात खुंटे होते. सावंतांनी नोंद केली, 'जुने बांधकाम.'

महिन्याने अनघाने आवाज ऐकले. डॉल्फिन कमी, इंजिनाची पुटपुट जास्त. ती पुटपुट रोज साधारण पाऊण तास उशिरा यायची. मधले काही दिवस यायचीच नाही.

"माइकचं घड्याळ बिघडलंय," सर म्हणाले. "खरी बोट असती तर वेळेवर आली असती. हा गोंगाट काढून टाक."

त्यांच्या मागे भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं होतं. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, तिच्याबरोबर डोलीची होडीही; पाण्याला ओढ नसली की ती निघतच नाही. अनघाने एकदा कोष्टकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग गोंगाट काढून टाकला.

पुढच्या महिन्यात माइकच सापडेना. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'प्रवाहात वाहून गेला.'

*

जनसुनावणी उरणजवळच्या एका हॉलमध्ये होती. सुनावणीचे अधिकारी मधे, आम्ही टेबलाशी, गाव समोर. नाखवा उठले आणि म्हणाले, "थय आमची डोल हाय. तुमी लिवलंय, कोन मासे मारत नाय."

सर शांतपणे म्हणाले, "आमच्या नोंदीप्रमाणे तिथे मासेमारी नाही. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?"

नाखवा पायाशी ठेवलेलं गोणपाट उचलून पुढे आले आणि त्यातून एक वस्तू काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. हातभर लांब पिवळी नळी होती ती. तिच्यावर कालवं चिकटलेली, मागे तुटक्या दोरीचं शेपूट. मधोमध लावलेल्या स्टिकरवर माझंच अक्षर होतं : यंत्राची नियोजित जागा, आमच्या ऑफिसचं नाव, सापडल्यास कृपया परत करावे.

मला तोंड वर करवेना. अधिकाऱ्यांनी नळी हातात घेऊन स्टिकर वाचला, मग पुन्हा वाचला.

"हा कुठे मिळाला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"माज्या खुंट्याला दोरी गुतलेली. सिमेटचा ठोकला अजून थयच हाय, खाली," नाखवा म्हणाले. "मना वाचता येत नाय. नातीनं वाचलं, परत करा लिवलंय, म्हून आनला."

मग ते माझ्याकडे वळले.

"तुमचं तुमाला दिलं, बाय. आता आमची जागा तेवढी कागदावर लिवा."