देव उठवायचा फोल्डर

ती आधी मारायची आणि मग बोलायची. ओळखपाळख, कामधंदा, चहापाणी, सगळं त्यानंतर. माझ्या स्टुडिओत ती पहिल्यांदा आली तेव्हा मी खाली मान घालून कुणाच्या तरी बारशाचे फोटो कापत होतो. पाठीत फाडकन धपाटा बसला. वळून बघतो तर गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, हातात वेताची काठी आणि चेहऱ्यावर असा संताप, की मी जणू तिच्या घरावर दरोडा घातलाय.

"तूच ना रं सीडी मारून देनारा?"

"हो. पण आजी, मारता कशाला?"

"नायतर तू वर बगितलं असतंस?"

नसतंच बघितलं, हे मलाही मान्य करावं लागलं.

ती खारेपाटातली धवलारीण. तुम्ही इकडचे नसाल तर सांगतो. आमच्या आगरी गावांत लग्न म्हटलं की धवलारीण हवीच. मांडव घालण्यापासून नवरी पाठवेपर्यंत एकेक विधी तिच्या गाण्यानं पुढे सरकतो. ती ओळ धरते, मागे बसलेल्या बायका ती उचलतात. सुरुवातीला ती देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावानं हाका मारून मांडवात बसवते, आणि सगळं उरकलं की एकेकाचं नाव घेऊन त्यांना उठवते, वाटेला लावते. उठवले नाहीत तर मांडव सोडता येत नाही.

"गल्यात गाठ हाय," तिनं सरळ सांगितलं. "डॉक्टर बोलतो, कापली का आवाज जाईल. नातीची सुपारी फुटली हाय. तिचं लगीन माज्याच गल्यानं लागंल. मेली तरी माज्याच गल्यानं. समजलास? तवा सगलं भर त्या सीडीत."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी तोंडाची फटकळ पण आतून मायाळू असेल. छे हो! फणसाची उपमा मला देऊ नका. तिचा हात खरोखर लागायचा. ओळ चुकली म्हणून मांडवात बायकांच्या थोबाडीत मारणारी बाई ती. तिच्या सुनेला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भात करपला होता, एवढंच गाव सांगतं आणि गप्प बसतं. ती सून रोज सासूला हाताला धरून माझ्याकडे आणायची, दारातल्या स्टुलावर बसायची आणि उजवा कान आत करून ऐकत राहायची. मला त्या बाईची दया यायची आणि म्हातारीचा राग. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मेल्या माणसाबद्दल गोड बोलण्याची आपली खोड आहेच.

रेकॉर्डिंगला ती चार बायका घेऊन आली. मी शटर खाली ओढलं, पंखा बंद केला. पहिलंच गाणं देव बसवायचं. काय आवाज होता! जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरीत, पण अंगावर काटा आला माझ्या. अर्ध्यावर एका बाईनं ओळ उशिरा उचलली. फाट! "मुडदा बशिवला तुजा! आजोबा दारात उभा हाय आन तू जांबई देतस?" आणि त्याच दमात पुढची ओळ.

"आजी, ते मारलेलं मी कापून टाकतो," मी म्हटलं.

काठी माझ्या नडगीवर बसली. "कापलंस तर याद राख. तसाच ऱ्हाऊ दे."

म्हणून तसंच राहिलं. त्या डिस्कवर आजही प्रत्येक गाण्यात दोन-चार थपडा आणि शिव्या ऐकू येतात. स्टिरिओमध्ये!

गाणं संपल्यावर तिनं पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या सीपीयूवर ठेवला. देव बसलेत, आता नातीच्या लग्नाचा मांडव उभा राहीपर्यंत तो हलवायचा नाही, आणि दुकानात चपला घालून यायचं नाही. पासपोर्ट फोटोला येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसायची. मी त्यांना चपला काढायला लावायचो. काय करणार, काठी माझ्या नडगीला ठाऊक होती.

आठवडाभरात बरंच भरलं. मी प्रत्येक विधीचा फोल्डर केला, नावं इंग्रजी अक्षरांत घातली, डिस्क मारली आणि ऐटीत तिला यादी वाचून दाखवली. "आंघोळ, बाशिंग, देव बसवणं, देव उठवणं, घाणा, हळद..."

"थांब," ती म्हणाली. "परत बोल."

कॉम्प्युटरनं आपल्या शिस्तीप्रमाणे अक्षरं लावली होती. मी परत वाचलं. तिनं काठी उचलली आणि काउंटरच्या काचेवर घातली. काच खळकन फुटली, माझ्या मनगटातून रक्त आलं, आत ठेवलेल्या सगळ्या कोऱ्या डिस्क खाली सांडल्या.

"हलद लागायच्या आधी आंगोल? आन देव बसले न बसले त लगेच उठिवले? माज्या नातीला देवांबिगर उभी करतंस, भाडखावा?"

मीही काही साधुसंत नाही. रक्त बघून माझं डोकं फिरलं, मी तिला दुकानाबाहेर हो म्हणून ओरडलो. तिनं लुगड्याचा पदर टरकन फाडला, माझं मनगट करकचून बांधलं आणि खुर्चीत बसून बोटांवर मोजत क्रम सांगायला लागली. मग मी फोल्डरांना नंबर घातले. एकला देव बसवणं, मग मांडव, घाणा, हळद, असं करत दहाला पाठवणी. अकराव्याला देव उठवणं. त्यात काही नव्हतं, नुसतं नाव.

"हे कधी म्हणायचं?" मी विचारलं.

"लगीन लागल्यावं. सुपारी फुटली म्हंजे देव बसवायला हरकत नाय. पन उठवाचं कसं? पोरीचं लगीन तर लागू दे."

लग्नाला अजून बराच अवकाश होता, गाठ वाढत होती. मी तिला समजावलं, विनवलं, तिच्या पाया पडलो. वाकलेल्या पाठीत धपाटा मिळाला, बाकी काही नाही.

तिच्या मुलाचा डीजेचा धंदा. माणसाच्या उंचीचे बॉक्स, त्यावर लुकलुकणारे दिवे. आईचं गाणं म्हणजे त्याला धंद्याची नामुष्की वाटायची. आणि तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या घरी हळद निघाली. मी शूटिंगला होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

दिवेलागण झाली होती. मांडवात बायका घाणा भरत होत्या, मुसळं उखळात पडत होती, म्हातारी ओळ धरत होती. गळ्याच्या शिरा दोरासारख्या तटतटलेल्या. तेवढ्यात मुलानं डीजे सुरू केला. जमीन हादरली. म्हातारीचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज काही ऐकू येईना. तिनं दोनदा हात केला. त्यानं आवाज वाढवला.

ती उठली. मागीलदारी नारळ सोलायचा कोयता होता, तो घेऊन आली आणि बॉक्सच्या छातीत घातला. चर्र करून स्पीकरचा कागद फाटला. दुसरा घाव, तिसरा. पोरं धावली. कोणी कोणाला धरत होतं, कोणी मारत होतं, काही कळेना. प्लॅस्टिकच्या खुर्च्या उडाल्या, नवरदेवाच्या मामाचं डोकं फुटलं, हळदीचं ताट उलटलं आणि त्यात रक्त मिसळलं. त्या गर्दीतून मुलगा आला आणि त्यानं सगळ्या गावासमोर आईच्या तोंडात मारली.

ती मांडवाच्या खांबावर आदळली. एकदम सगळे जागच्या जागी थांबले.

मग सून आली. तीच, दारातल्या स्टुलावरची. तिच्या हातात घाण्याचं मुसळ होतं. तिनं आपल्या नवऱ्याच्या हातावर ते मुसळ घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, देव करो आणि परत ऐकायची वेळ न येवो.

म्हातारी खांबाला धरून उठली. ओठातून रक्त गळत होतं. ती सुनेजवळ गेली आणि तिच्या थोबाडीत मारली. "माज्या पोरावं हात टाकतस?"

माझ्या हातात कॅमेरा नसता ना, तर मी त्या म्हातारीला धरून हलवली असती. अगं, तुझ्यासाठी उभी राहिली ती! पण तोवर तिनं सुनेचं मनगट धरलं, तिला ओढत नेऊन उखळाशी बसवलं, आपल्या अगदी बाजूला, तिचा उजवा कान आपल्याकडे करून. तोंडातलं रक्त थुंकली आणि जिथे तुटली होती तिथूनच ओळ धरली. बाकीच्या बायका मांडवाच्या कडेला सरकल्या होत्या. ओळ उचलली ती एकट्या सुनेनं.

पुढे गाठीनं श्वास अडायला लागला. प्लॅस्टरात हात असलेला मुलगाच तिला मुंबईला घेऊन गेला. परत आली ती गळ्याला पट्टी आणि आवाज शून्य.

तरी स्टुडिओत यायचीच. सून स्टुलावर, ती खुर्चीत. टेबलावर थाप मारली की मी डिस्क लावायचो. आपलाच आवाज ती डोळे मिटून ऐकायची. एखादी ओळ आवडली तर माझ्या खांद्यावर बुक्की बसायची, नाही आवडली तरी तीच बुक्की. एकदा मी मूर्खासारखं म्हणून गेलो, "आजी, अकरावा राहिलाच की हो." तिनं हात उचलला, पण मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

श्रावणात ती गेली.

नातीचं लग्न फाल्गुनात लागलं. मुलगा स्वतः माझ्याकडे डिस्क मागायला आला. हात वाकडाच जुळला होता. "माज्या बॉक्सवं लावतंय," एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. सीपीयूवरचा नारळ उचलून मी मांडवात नेला.

त्या अजस्र बॉक्समधून म्हातारी सुटली. देवांना हाका गेल्या, मेलेल्यांना हाका गेल्या. मध्येच फाट! "मुडदा बशिवला तुजा!" आणि तुम्हांला सांगतो, मांडवातल्या साठीच्या बायका दचकून ताठ बसल्या. एकीनं तर गालावर हात नेला. मग हसू फुटलं, मग सगळ्यांचे डोळे भरले. फोल्डरामागून फोल्डर, हळद झाली, आंघोळ झाली, लग्न लागलं, पाठवणीला नात बॉक्सच्या गळ्यात पडून रडली. कागद फाटलेला तोच बॉक्स, ठिगळ लावलेला.

नवरी गेली. मुलानं अकरावा फोल्डर उघडला. काही वाजेना. त्यानं बटण परत दाबलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आता देव कोन उठवील?" एक म्हातारी म्हणाली. मागे राहिलेले पाहुणे घड्याळं बघायला लागले, आणि इकडे देव, आजे-पणजे सगळे मांडवात बसलेले. मला उगाच वाटलं, ती पण बसलीय. त्या वर्षी बोलावलेल्या मेलेल्यांत तिचंही नाव बायकांनी सकाळी जोडलं होतं. आपल्याच गाण्यात बोलावलेली, काठी घेऊन बसलीय, कोण चुकतो ते बघत.

सून मागीलदारी भांडी घासत होती. तशीच आली, ओल्या हातांनी, राख लागलेली. खाली बसली आणि गायला लागली. आवाज चांगला नव्हता. घोगरा होता, आणि त्यात राग होता. एकेक देव उठवला, ज्याला त्याला त्याच्या वाटेला लावला. मग सासरे, चुलत सासरे, त्यांचे वडील. एक ओळ चुकली नाही. कशी चुकेल, प्रत्येक ओळ गालावर बसलेली.

शेवटी सासूचं नाव आलं, आणि ती थांबली.

बायकांना वाटलं विसरली. मग तिनं हाताचा पंजा मांडवाच्या खांबावर फाडकन मारला.

"ऊठ आये," ती म्हणाली. गायली नाही, बोलली. "लय मारलंस. पोरीचं लगीन लागलं, तुज्या गल्यानं लागलं. आता ऊठ. जा." आणि मग तिनं नावाची ती ओळ गाऊन पूर्ण केली, आणि रडली, आम्ही सगळेच रडलो.

माझ्या खिशात छोटा रेकॉर्डर होता. धंद्याची सवय. म्हटलं, तिनं परत एकदा म्हटलं तर अकरावा भरेल, लोक कॉप्या मागतात, काम पुरं होईल. मी तो तिच्यापुढे धरला.

माझ्या मनगटावर, नेमका काचेच्या जुन्या खुणेवर, फटका बसला. रेकॉर्डर दूर जाऊन पडला. आणि मग ती बोलली.

"दादा, तिला बोलवायला दहा ठेवलंस ना? जायला एक तरी मोकला ठेव."