कापलेले सहा पाय

मंडळी, आज डोकं फिरलंय. काळाचौकीत आमच्या मंडळाच्या देखाव्यासाठी मी आफ्रिकेतला कमळपक्षी बनवला. तांबूस अंग, निळं कपाळ, कमळाच्या पानांवर चालायला लांबलचक बोटं.

चहाला म्हणून चिंचपोकळीला गेलो आणि कॅरम बघत रमलो. परत येतो तर मंडळाचे अध्यक्ष बाळाकाका कात्री घेऊन उभे.

"पक्ष्याला आठ पाय कुठे असतात रे? जास्तीचे कापले."

"काका, ते पिल्लांचे होते. बाप त्यांना पंखाखाली धरून चालतो, पाय बाहेर लोंबतात."

"बाप? मग आई कुठेय?"

"दुसऱ्या नराकडे, अंडी घालायला."

काकांनी कात्री खिशात टाकली.

आत्ता सगळे पाय परत चिकटवून वर बघतो, तर काकांनी बापालाच नथ घातलीय. उद्या बाप्पाचं आगमन आहे. काकांना कोण समजावणार, सांगा?