जास्वंदीवरचा दुसरा नवरा

सासरे गेले आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आम्ही धुळ्याकडच्या गावाहून सुरतेला गोडादऱ्यात घेऊन आलो. नवरा साड्यांच्या मार्केटात कामाला, घरात रंगांचा नुसता ढीग. आणि ह्या बाई उठल्यासुटल्या तीच विटकी राखाडी साडी नेसायच्या. माझा जीव जळायचा. एकदा मी छानशी वांगी रंगाची काढून दिली, तर म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" झालं, साडी परत कपाटात.

दिवसभर त्या गॅलरीत बसत. तिथे डब्यात लावलेल्या जास्वंदीवर शिंजिरांची, त्या मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची, जोडी यायची. नर सावलीत काळाकुट्ट, उन्हात आला की जांभळा. मादी पोटाशी पिवळी. गणपती उठले आणि काळा दिसेनासा झाला. मादीबरोबर आता एक पिवळाच यायला लागला, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ.

"माय वं! हिने तर पाट लावला!" आत्याबाई भडकल्या. "पहिल्याला जाऊन चार दिवस नाही झाले, लगेच दुसरा नवरा!" त्या दिवसापासून मादी आली की हातातलं फडकं उगारून तिला हाकलायच्या.

मी शाळेत शिकवायचे, पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक घरात होतं. म्हटलं, "अहो, तोच आहे तो! वीण संपली की त्याचा रंग उतरतो. रेघ बघा ना, मादीला रेघ नसते."

"आणि ती तिकडच्या फांदीवरची दुसरी पिवळी? ती सवत का?"

"ती वेगळ्याच जातीची. तिचा गळा पांढरट आहे बघा."

"तू म्हणशील ते खरं," त्या फणकारल्या. पण फडकं खाली ठेवलं आणि बघत राहिल्या.

थंडीत रेघवाल्याच्या अंगावर काळी ठिगळं उमटायला लागली. संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा पुरता काळा झाला. उन्हात वळला आणि जांभळा चमकला.

"म्हणजे तोच होता," आत्याबाई म्हणाल्या. "उगाच मी त्या बिचारीला हाकलत बसले." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती वांगी कुठे ठेवलीस?"

नेसून त्या गॅलरीत आल्या. मला रडूच फुटलं. खालून शेजारच्या गुजराती बेनने वर बघून पाहुणे आलेत का म्हणून विचारलं, "मेमान आव्या छे?"

आत्याबाई कठड्यावरून वाकल्या आणि आपल्या अहिराणीत ओरडल्या, "मेमान नई व माय, मीच शे!"