एकतिसावा सांधा

सेलूजवळच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये लिंबाजीला सगळे हवावाला म्हणत. नाव लिंबाजी, जात धनगर, वय पंचावन्न, आणि काम कंप्रेसर सांभाळायचं. जिनिंगमधल्या मशीनच्या झडपा हवेच्या दाबावर उघडतात, मिटतात. ती हवा टाकीत भरून पाइपांतून सगळीकडे पोचवायची, एवढंच त्याचं काम. एवढंच, असं मालक म्हणायचा. एक दिवस कंप्रेसर रुसला की मग कळायचं कुणाचं किती एवढंच ते!

लिंबाजीचा बाप मेंढरं राखायचा. कळपातलं दुखणाईत मेंढरू तो नुसत्या श्वासावरून हुडकायचा. तो कान लिंबाजीला आला होता. कुठल्या सांध्यातून हवा सुटायलीय, हे त्याला चालत्या मशीनच्या गोंगाटातही कळे. म्हणून तर जुन्या शेडमधल्या त्या आवाजाचं कुणी काही म्हणालं की तो मान खाली घाली. गडी खोटं बोलायला कच्चा होता, पण गप्प बसायला पक्का.

तो आवाज असा होता. दर अमावस्येला जिनिंग बंद असायची, पूजा व्हायची, फक्त कंप्रेसर चालू राहायचा. टळटळीत दुपारी सगळं शांत झालं की जुन्या शेडच्या माळ्यावरून श्वास ऐकू यायचा. आधी लांब, भरलेला. मग बारीक. मग थोडा थांबून पुन्हा भरलेला. अगदी माणसाचा. शेडच्या दारात नारळ फुटायचा, लिंबू ठेवलं जायचं, आणि हमालातला धटिंगणसुद्धा तिकडे पाठ करून उभा राहायचा नाही.

लोक म्हणत, तो रंगनाथ आहे.

रंगनाथ लिंबाजीचा जोडीदार. बारा वर्षांपूर्वी त्याच शेडमध्ये, पाइपाचा सांधा जोडताना, शिडीवरून पडून जागीच गेला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको कोकिळा त्याच्या चपला आणि डबा न्यायला आली. दुखवट्यानं जिनिंग बंद होती. ती शेडमध्ये उभी राहिली आणि वरून श्वास आला. लिंबाजी शेजारीच होता. त्याला तर तिथल्या तिथं कळलं होतं की सांधा ढिला आहे, हवा गळायलीय. दाब चढला की सांध्यात गुंडाळलेली सुतळी सुटून फडफडते, उतरला की बसते, बाकी काही नाही. पण कोकिळाबाईचा दोन दिवस दगड झालेला चेहरा त्या आवाजानं असा सैल झाला, की त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

दहाव्याला बायका तिचं कुंकू पुसायला बसल्या. तिनं पुढं आलेला हात धरला. म्हणाली, “श्वास चालू हाय त्यांचा. लिंबाजीभाऊला इचारा. श्वास हाय तवर कुंकू कसं पुसू?”

बायका वळून लिंबाजीकडे बघायला लागल्या. आणि ह्या शहाण्यानं मान हलवली. हो म्हणाला! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ बारा वर्षं झाकून धरली की बोटं कुजतात, हे कुणी सांगत नाही.

गावानं नावं ठेवली, मग गावाला सवय झाली. कोकिळाबाई दर अमावस्येला यायची, शिडीखाली पोतं अंथरून तासभर बसायची, श्वास ऐकायची आणि जायची. भाऊबीजेला लिंबाजीला ओवाळायची. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत. ताटातल्या दिव्याकडे बघणं लिंबाजीला जड जायचं. कारण त्याच्या मुठीत सांध्याहून मोठी गोष्ट होती, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती.

बरं, सगळंच त्याला उलगडलं होतं असंही नाही. एकदा दिवसभर वीज गेली होती. कंप्रेसर बंद, टाकीचा काटा शून्यावर, पाइपात फुंकरीइतकी हवा नाही. लिंबाजी पाना विसरला म्हणून शेडमध्ये गेला, तर माळ्यावर श्वास चालू. लांब, भरलेला. पाना तिथंच टाकून तो उलट्या पावली निघाला. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

यंदा हंगामाच्या आधी मालकानं परभणीहून दीपिका नावाची इंजिनीअर बोलावली. विजेचा वापर तपासायला. पोरगी हुशार. ती मुद्दाम अमावस्येलाच आली, कारण तिला सगळी मशीन बंद हवी होती. घड्याळ लावून कंप्रेसरपाशी बसली.

“काका, चार मिनिटं हा हवा भरतोय, पाच मिनिटं गप बसतोय, पुन्हा चार मिनिटं भरतोय,” ती म्हणाली. “आणि आज हवा कुणीच वापरत नाही. मग जायलीय कुठं?”

“गळत आसंल कुठं तरी.”

“कुठं तरी नाही, ठिकठिकाणी. जवळजवळ निम्मी हवा भोकातून जाते. आणि दाब कमी पडतो म्हणून तुम्ही तो वाढवून ठेवलाय. दाब वाढला की त्याच भोकातून अजून जास्त जाते. फाटक्या पोत्यात दाणे भरायलात तुम्ही.”

लिंबाजीला राग आला, आणि पटलंही. दोघांनी मिळून साबणाचं पाणी लावत सगळे पाइप पालथे घातले. जिथं बुडबुडा, तिथं लाल फीत. दीपिकाच्या साबणाआधी लिंबाजीचा कान पोचायचा. एकतीस गळत्या निघाल्या. पुढच्या महिन्याभरात त्यानं तीस सांधे एकेक करून बसवले, दाब खाली आणला, आणि कंप्रेसर म्हाताऱ्या बैलागत निवांत झाला. एकतिसावी फीत दीपिकानं स्वतः चढून जुन्या शेडच्या माळ्यावर बांधली होती. तिथं चढायला एकही गडी तयार होईना. मालक म्हणाला, “लिंबाजी, पुढच्या अमावस्येला तेवढा सांधा मिटला पायजे.”

अमावस्या आली. भर दुपारी कोकिळाबाई पोतं घेऊन आली, बसली, आणि थोड्या वेळानं तिनं लिंबाजीला हाक मारली.

“भाऊ, इकडं या. ह्यांचा श्वास लांबलाय.”

लिंबाजी उभा राहून ऐकायला लागला. खरंच लांबला होता. तीस गळत्या बंद झाल्यावर टाकी लवकर रिकामी होत नव्हती. दाब हळू उतरायचा, उशिरा चढायचा. एक श्वास आला, बारीक होत गेला, बारीक होत गेला, आणि दुसरा काही येईना. मग कितीतरी वेळानं आला. लिंबाजीनं बापाचे शेवटचे श्वास असेच ऐकले होते.

“दम लागलाय त्यांना,” कोकिळाबाई म्हणाली. “लय हाल व्हायलेत.”

आता मात्र त्याला राहवेना. “बाई, ती हवा हाय. सांधा गळायलाय. पयल्या दिवसापासनं मला ठाऊक व्हतं. सांधा मिटला की आवाज जाईल. पर तुमी न्हाई म्हणलात तर मी मिटवत न्हाई, नोकरी गेली तरी.”

तिनं वर माळ्याकडे बघितलं.

“हवाच आसंल,” ती म्हणाली. “आपल्यात तरी दुसरं काय आस्तंय? मिटवा. सुटू द्या त्यांना.”

लिंबाजीनं त्या पाइपाचा कॉक फिरवून हवा तोडली. वरचा श्वास एकदम थांबला नाही. पाइपात उरलेली हवा निघत राहिली. फडफड गेली, नुसती सुसकार राहिली, मग तीही दोऱ्यासारखी बारीक झाली. कोकिळाबाईचे ओठ हलत होते. शेवटी काहीच ऐकू येईना.

तो शिडी चढला. बारा वर्षांत पहिल्यांदा. सांधा खोलला, तर आत रंगनाथच्या हातची सुतळी, सांध्याला लावायच्या सफेद्यात वाळलेली. रंगनाथ डावखुरा. सुतळी नेहमी उलटी गुंडाळायचा, मग सांधा पिळला की ती आवळायच्या ऐवजी सुटायची. लिंबाजी त्याच्यावर किती खेकसायचा त्यापायी! आता ती सुतळी हातात धरून तो शिडीवरच हुंदके द्यायला लागला. मग डोळे पुसले, नवी गुंडाळी सुलटी घातली, सांधा आवळला, खाली येऊन कॉक उघडला.

दोघं वाट बघत बसली. दहा मिनिटं गेली. माळ्यावर काही नाही. शेडमध्ये इतकी शांतता लिंबाजीनं कधीच ऐकली नव्हती, आणि आवाजापेक्षा त्याला त्या शांततेचीच भीती वाटली.

कोकिळाबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं. मग म्हणाली, “म्हणा आता. बारा सालं माझ्यापुढं कुणी म्हणलं न्हाई. रंगनाथ गेला म्हणा.”

“रंगनाथ गेला,” लिंबाजी म्हणाला. आणि मूठ आपोआप उघडली. “मी बोलावलं म्हणून गेला, बाई. वरून वरडला, सुतळी उलटी पडली, पुन्हा खोलतो. मी म्हणलं, राहू दे, उतर, चहा निवायलाय. घाईनं उतरला आन् पाय सटकला.”

तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. ह्या भाऊबीजेला आपलं ताट गेलं, हे त्यानं गृहीत धरलं.

“चपला न्यायला आले तवा शिडीखाली दोन कप व्हते,” कोकिळाबाई म्हणाली. “दोन्ही भरलेले. माशा पडलेल्या. तवाच कळलं मला, हाक कुणी मारली ते.”

लिंबाजीनं मान वर केली.

“तुमी सांगाल म्हणून तर दर अमावस्येला येऊन बसत व्हते, भाऊ.”

एवढं बोलून तिनं जमिनीवर हात आपटला आणि दहाव्याला फोडायचा राहिलेला हंबरडा फोडला. बाहेरचे हमाल दाराशी धावत आले. आत कुणाचं काय चाललंय हे त्यांना कळेना, कारण लिंबाजीही तिच्यापुढं डोकं टेकून तसाच रडत होता. हवा आता कुठूनच गळत नव्हती; पलीकडे कंप्रेसर अजून गपच होता.