डॉक्टरीणबाई आणि मावशीच्या जिभेवरचे व्रण

आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आजाऱ्याला आधी हात लावत नाहीत. जमिनीवर फतकल मारून बसतात आणि नुसत्या बघत राहतात. दवाखाना म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. बाईंच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत वीस-बावीस वर्षांचे ओरखडे. माणसांना त्या फटकन बोलतात, प्राण्यांना मात्र अहोजाहो करतात.

आमची मांजर मावशी, वय चौदा. थायरॉइड वाढल्यानं ती खा खा खायची, तरी वाळत चालली होती. गोळी दिली की फेसासकट बाहेर. म्हणून बाईंनी कानाच्या आत चोळायचं मलम दिलं. दोन महिन्यांत मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि मग अचानक लाळ गळायला लागली. ताटलीपाशी जायची, वास घ्यायची, मागे फिरायची. जिभेच्या टोकाला लालभडक व्रण.

बाई बाहेरगावी होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी तोंडात डोकावून सांगितलं, "या वयात कर्करोग असू शकतो. तुकडा काढून तपासावा लागेल." एवढ्या वयाला भूल सोसेल का, हे त्यांनाही सांगता येईना. घरी येऊन आम्ही नवराबायकोनं बाईंची वाट पाहायचं ठरवलं.

दोन दिवसांनी बाई आल्या. त्यांनी आधी रक्त तपासलं. या औषधानं क्वचित पांढऱ्या पेशी घटतात आणि तोंड येऊ शकतं म्हणे, मूत्रपिंडं बिघडली तरीही. पेशी ठीक निघाल्या, मूत्रपिंडंही. मग त्या मावशीसमोर बसल्या.

"काका, मलम कसं लावता, करून दाखवा."

"इथं?"

"मग काय, स्टेजवर?"

मी पिशवीतून हातमोजे, कापूस, बाटली काढली. आधीचं मलम पुसून नवं लावायचं, असं त्यांनीच सांगितलं होतं. भिजवलेला कापूस कानाजवळ नेला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाटलीत काय आहे?"

"फरशी पुसायचं जंतुनाशक. पाणी घालून. चांगलं स्वच्छ व्हावं म्हणून गेले काही दिवस हेच वापरतोय."

आमची ही म्हणाली, "पाणी पुरे म्हणत होते मी. पण यांचं समाधान होईल तर ना!"

बाईंनी साध्या पाण्यानं कान पुसला आणि मावशीला सोडलं. "आता बघा."

मावशीनं पंजा चाटला, कानावरून फिरवला, पुन्हा चाटला. कान, पंजा, जीभ. चौदा वर्षं मी हे रोज पाहत आलो होतो, आणि त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. कानातलं जंतुनाशक पंजावरून थेट जिभेवर जात होतं. बाईंनी तो पंजा उलटा केला. तळव्याची गादीही लाल होती.

"अहो मावशी, औषध सोसलं तुम्हाला, काका नाही सोसले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वेदना कमी व्हायचं औषध देते. दहा दिवस फक्त पाणी वापरा. व्रण भरले तर हेच कारण. नाही भरले तर तुकडा काढावाच लागेल. शब्द देत नाही मी."

चौथ्या दिवशी मावशीनं पातळ खाणं चाटलं. दहाव्या दिवशी बाईंनी विजेरी धरून जीभ पाहिली, सगळ्या बाजूंनी, दोनदा. जीभ गुलाबी होती. त्यांनी फोन उचलून भूल देणाऱ्या डॉक्टरांना उद्याची वेळ रद्द करायला सांगितलं. ती त्यांनी धरून ठेवली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी चाचरत म्हणालो, "माझ्यामुळे तिला..."

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पुसा म्हटलं, कशानं ते सांगितलं नाही."

बाहेर कुत्री घेऊन माणसं खोळंबली होती. बाईंनी खणातून मलमाच्या छापील सूचनांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येक कागदावर पेनानं लिहायला लागल्या: फक्त साध्या पाण्यानं.