एका अटीनं सापडलेली माणसं

संघमित्रा कुठल्या मोठ्या कॉलेजात गेली नव्हती. एक्सएमएल, म्हणजे संगणकात नोंदी ठरावीक साच्यात लिहिण्याची पद्धत, ती मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकली आणि बालाघाटच्या एका संस्थेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या नोंदी सांभाळू लागली. नोंदीत काय असलंच पाहिजे हे ठरवणारा स्कीमाही तिनंच लिहिला. त्यात पहिल्या चाचणीचा निकाल आणि पक्क्या तपासणीची तारीख, हे दोन्ही अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे रकाने, सक्तीचे होते.

पहिल्याच आठवड्यात परसवाड्याच्या जुन्या नर्स अनुसयाबाई आल्या.

"पोरी, ज्याले आजारच नाही त्याची तारीख काहून मागते तुझी मशीन? मंग आमी कोणतीबी ठोकून देतो."

संघमित्रानं खोट्या तारखा पुसल्या आणि तारखेची सक्ती काढली. दोन वर्षं सगळं सुरळीत वाटलं. मग एका सकाळी अनुसयाबाई पुन्हा आल्या, या वेळी न बसताच बोलल्या.

"लामत्याच्या चैतरामची पोरगी दवाखान्यात हाये. पहिल्या चाचणीत दोष निघालता. पुढं तिले कोणी बोलावलंच नाही."

संघमित्रानं लगेच तिची नोंद उघडली; तारखेची जागा रिकामी होती. जुन्या स्कीमात सक्ती एकतर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. आठवडाभर शोधल्यावर तिला कळलं, की स्कीमाच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत अट घालता येते. तिनं एकच ओळ लिहिली: निकालात दोष असेल तर तारीख हवीच, नसेल तर नकोच.

बारा हजार नोंदी तिनं त्या अटीखालून काढल्या. एक्केचाळीस ओळी लाल झाल्या.

तिनं अनुसयाबाईंना बोलावून घेतलं. दोन वर्षं रोज डोळ्यांसमोरून गेलेली ही माणसं तिला एकदाही दिसली नव्हती.

"नावं वाच," अनुसयाबाई म्हणाल्या. आणि प्रत्येक नावाला त्या घर सांगत गेल्या. "हे वसंताचं, शाळेमागं. हिचं माहेर लामता." त्यांच्या हातात यादी, वही काही नाही.  मशीनला नाव ठाऊक होतं, बाईंना माणूस.

बारा दिवसांत अडतीस जण सापडले. तिघं कामाला नागपूरला गेले होते, त्यांना फोन लागला. चैतरामची मुलगीही दुखणं ओसरल्यावर घरी आली.

त्या यादीतल्या रामपायलीच्या आठ वर्षांच्या मयुरीनं रक्त द्यायला हात पुढं करत विचारलं, "दीदी, मेरा नाम आपको किसने बताया?"

 संघमित्रानं अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून मयुरीच्या दंडाला पट्टा बांधत होत्या.