शटर आमचं, बँड गोलूचा

वडीलधाऱ्यांनी एखादं काम हाती घेतलं की काम होत नाही, किस्से होतात. सौंसरमध्ये आमच्या घराखाली एक दुकान आहे. कॉलेज सोडलं तेव्हाच मी ठरवलं होतं, इथे आपलं बाइकचं गॅरेज. फक्त आतला भाडेकरू निघायचा बाकी होता. तो काढायची जबाबदारी बाबांनी घेतली. तिथेच माझी वाट लागली.

*

भाडेकरू म्हणजे गोलूभाऊ. करारात साफ लिहिलेलं, फक्त कापडाचं दुकान. यांनी आत बँड पार्टी बसवली! भर दुपारी प्रॅक्टिस. ढोलावर टिपरी पडली की वर देव्हाऱ्यातली घंटी आपोआप वाजायची.

बाबा करार घेऊन खाली गेले. गोलूभाऊने दोरीवर वाळत घातलेले बँडचे लाल कोट दाखवले. "काकाजी, कापडच तं टांगून ठेवलं आहे."

बाबा वर येऊन मला म्हणाले, "पॉइंट तं आहे बे त्याचा."

*

दुसऱ्यांदा बाबा भांडायला गेले तेव्हा मी मुद्दाम जिन्यात उभा राहिलो. बाबांनी दारात पाय ठेवला आणि पार्टीने नवरदेव मांडवात शिरतो तेव्हाची धून वाजवली. बाबांचं असं स्वागत आयुष्यात कोणी केलं नव्हतं. भांडण राहिलं, चहा झाला. वर येताना बाबा बँडचा जनरेटर ठेवायला मागची खोलीही देऊन आले.

मी विचारलं, "काहून?"

"बाहेर ओला झाला असता ना."

*

मग पांढुर्ण्याहून मामा आले. मामांचं वकिलीशी नातं एवढंच की कोर्टासमोरच्या टपरीवर ते रोज नाश्ता करतात. त्यांनी घरी मीटिंग बोलावली. नात्यातले, शेजारचे, सगळे म्हातारे जमले. ठरलं, दुकान आजच खाली करायचं. खाली जाऊन सांगणार कोण, म्हटल्यावर सगळे आपापल्या कपात बघू लागले. यंदा प्रत्येकाच्या घरी लग्न होतं, आणि प्रत्येकाने गुपचूप गोलूभाऊलाच बुक करून ठेवलेलं. सगळ्यात आधी मामांनी.

"पोरीचं लग्न होऊन जाऊ दे," मामा म्हणाले, "मग पाह्य मी काय करतो तं."

लग्नातच त्यांनी काय केलं ते गावाने पाहिलं. बँडसमोर जमिनीवर लोळून नागीण डान्स.

*

लग्नसराई आटोपली. म्हाताऱ्यांचा नाद सोडून मीच बोरगाव रोडला एक रिकामं गोदाम शोधलं. आजूबाजूला नुसते संत्र्याचे बगीचे, कितीही वाजवा. गोलूभाऊला सरळ सांगितलं, तुमचा धंदा चालू आहे, माझा सुरूच व्हायचा आहे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मंग आधी सांगायचं ना, दादा. काकाजी तं कधी म्हटलेच नाही खाली कर म्हणून."

*

त्याची अट एकच. बँडवाले गुपचूप जात नाहीत. रविवारी सकाळी आमच्या शटरपासून वरात निघाली. जनरेटर, पेट्या, खुर्च्या हातगाड्यांवर, मागे लाल कोटातली पार्टी, सगळ्यांत पुढे फेटा बांधून बाबा. मामा पहिल्या बसने येऊन हजर. बाजारातले लोक लग्न कोणाचं हेही न विचारता नाचून राहिले होते. मी शटर ओढलं, नवं कुलूप लावलं, वर गॅरेजचा बोर्ड ठोकला, आणि मग धावत जाऊन मीही नाचलो. खोटं कशाला बोलू.

गोदामावर नारळ फुटला. पण वरात पोचल्यावर थोरल्या माणसाला वाजवत घरी आणून सोडायचं, ही गोलूभाऊची रीत. तो रीतीचा पक्का. ऊन चढलं तेव्हा अख्खी पार्टी गळ्यात ढोल घेऊन, घामाने निथळत, बाबांना सोडायला आमच्या दारात परत उभी.

बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर माझ्या बोर्डाकडे. मग माझ्यापुढे हात पसरला.

"चावी दे बे. पोरं थकले. पाच मिनिटं सामान आत ठेवतीन."